छत्तीसची कोटी

गणिताचा आणि आपला छत्तीसचा आकडा आहे असे सांगणारे पुष्कळ लोक भेटतात. त्यांच्या बाबतीत ती नुसती म्हण असते. माझ्या बाबतीत ती गुणपत्रिका आहे. १९७१ साली, म्हणजे मॅट्रिक अकरावीला होती त्या काळात, मला गणितात शंभरपैकी ३६ गुण मिळाले. पास व्हायला ३५ लागत. "हा वरचा एक कुणाचा उचललास?" एवढेच वडील म्हणाले आणि पेढ्यांऐवजी बत्तासे आणून त्यांनी प्रकरण मिटवले.

हे छत्तीस माझ्या लग्नापर्यंत छत्तीसच होते. मुलगी पाहायला गेलो तेव्हा भावी सासऱ्यांनी चष्म्यावरून पाहत अचानक विचारले, "गणितात किती होते?" समोर पोहे, शेजारी वडील, आणि दारात जिला पाहायला आलो तीच मला पाहत उभी. मी घाबरून म्हणालो, "त्रेसष्ट." आता यात खोटे काय होते सांगा! आकडे तेच, फक्त क्रम उलटा. आणि बेरजेत क्रम बदलला तरी उत्तर बदलत नाही, एवढे गणित मलाही येत होते.

पण एकदा वाढलेली गोष्ट पुन्हा खाली येत नाही. मुलगा शाळेत जाऊ लागला तेव्हा त्याच्यावर वजन पडावे म्हणून त्रेसष्टाचे त्र्याहत्तर झाले. तो दहावीला गेला तेव्हा त्र्याऐंशी. तो इंजिनिअर झाला, सून अकाउंटंट मिळाली, आणि नात जन्माला आली तोवर माझे गुण महागाई भत्त्यासारखे वाढत वाढत त्र्याण्णवावर येऊन थांबले होते. खरे कागद फक्त आमच्या हिला ठाऊक. एका घरबदलात गुणपत्रिका तिच्या हाती लागली होती. तिने ती वाचली, घडी घातली आणि कपाटात तळाशी, तिच्या शालूखाली ठेवून दिली. एक अक्षर बोलली नाही. बायकांच्या अशा न बोलण्याला मुदत ठेवीसारखी किंमत असते. वेळ आली की ती व्याजासकट वसूल होते.

ती वेळ गेल्या जुलैत आली.

नात नववीत गेली. मराठी माध्यमात शिकते. हे मुद्दाम सांगतो, कारण हल्ली मुद्दाम सांगावे लागते. पहिल्याच घटक चाचणीत तिला गणितात वीसपैकी सात मिळाले. धडा : बहुपदी. संध्याकाळी सून ऑफिसातून आली, तिने पेपर पाहिला आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "अगं, घरात एवढे आबा असताना तू अडतेस कशाला? त्यांना त्र्याण्णव होते! उद्यापासून आबांकडे बसायचं."

स्वयंपाकघरातून खोकल्याचा आवाज आला. आमच्या हिला सर्दी झालेली नव्हती.

"बसू की," मी म्हणालो. "पण आधी तुमचं पुस्तक बघायला हवं. हल्ली सगळं बदललंय." रात्री सगळे झोपल्यावर मी ते पुस्तक उघडले. बदललेले काहीही नव्हते. चौपन्न वर्षांपूर्वी ज्यांनी माझा छळ केला ती सगळी मंडळी तिथे जशीच्या तशी हजर होती. फक्त आमचे मास्तर ज्याला क्ष म्हणत, तो आता इंग्रजी एक्स होऊन आला होता. मी मात्र त्याला क्षच म्हणणार. शत्रू बदलला की त्याच्याशी नव्याने ओळख करून घ्यावी लागते आणि या वयात ते झेपत नाही.

बीजगणिताशी माझे कधी पटले नाही याचे मूळ कारण त्याची भाषा. सगळे शब्द आपल्या ओळखीचे असतात आणि तिथे गेले की ओळख दाखवत नाहीत. 'चल' म्हटले की आपण चपला शोधू लागतो. तिथे चल म्हणजे ज्याची किंमत बदलते ते अक्षर. 'पद' म्हटले की मला एक तर नाटकातले आठवते, नाही तर ऑफिसातले. मी स्वतः एका सरकारी खात्यात चौतीस वर्षे दोन पदांवर काढली, म्हणजे तसा मी द्विपदीच. 'घात' तर विचारूच नका. आयुष्यात झालेले घात मी मोजायचे सोडून दिले आहेत. बीजगणितात मात्र ते मोजून प्रत्येक क्षच्या डोक्यावर उजव्या बाजूला बारीक अक्षरात लिहून ठेवतात. त्याला घातांक म्हणतात. अशी अनेक पदे अधिक-उण्याच्या चिन्हांनी एका ओळीत बांधली की झाली बहुपदी. अट एकच. घातांक शून्य, एक, दोन, तीन असा पूर्ण संख्येतलाच हवा. क्षला भाजकात ढकलला किंवा वर्गमुळाखाली कोंबला तर ती राशी बहुपदीच्या पंगतीत बसत नाही.

इथवर मी रात्री साडेअकरापर्यंत पोहोचलो. पुढचा शब्द आला 'कोटी'. मी पुस्तक मिटले आणि दिवा घालवला.

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात पुस्तक गुंडाळून बागेतल्या आमच्या कट्ट्यावर गेलो. तिथे रोज सकाळी आम्ही सहा-सात निवृत्त माणसे देश चालवतो. "कोटी म्हणजे काय हो?" मी सहज विचारल्यासारखे विचारले.

"किती कोटी? कुणी बुडवले?" बँकेतून निवृत्त झालेल्या गृहस्थांनी कान टवकारले.

"कोटी करायची असेल तर आम्हांला विचारा," छापखान्यात जन्मभर मुद्रितं तपासलेले दुसरे गृहस्थ म्हणाले आणि त्यांनी लागोपाठ तीन कोट्या केल्या. त्या इथे देत नाही. लेखाची कोटी घसरेल.

कट्ट्याच्या टोकाला एक शिक्षक बसतात. चाळीस वर्षे गणित शिकवून निवृत्त झालेले. एरवी फारसे बोलत नाहीत. ते उठून माझ्याजवळ आले, वर्तमानपत्रातून डोकावणारा पुस्तकाचा कोपरा त्यांनी पाहिला आणि हळूच म्हणाले, "बहुपदीतला सगळ्यात मोठा घात, ती तिची कोटी. नातवंडांसाठी का?"

"नातीसाठी," मी म्हणालो. आणि मग काय झाले कुणास ठाऊक, पण पुढे म्हणालो, "सर, खरं म्हणजे मलाच."

सरांनी हातातल्या काठीने मातीत दोन राशी लिहिल्या. एक हजार क्ष, आणि शेजारी नुसता क्षचा वर्ग. "यात दांडगा कोण?"

"हजार क्ष," मी म्हणालो. त्यात विचार काय करायचा! एक हजार ते हजार.

"क्ष दहा धरा."

हजार क्ष झाले दहा हजार. क्षचा वर्ग झाला शंभर. मी विजयी मुद्रेने सरांकडे पाहिले.

"आता क्ष हजार धरा."

हजार क्ष झाले दहा लाख. क्षचा वर्गही दहा लाख. बरोबरी!

"आता दोन हजार."

हजार क्ष झाले वीस लाख आणि वर्ग झाला चाळीस लाख. मी मातीकडे पाहत राहिलो. "आता हा त्याच्या हाती लागायचा नाही," सर म्हणाले. "पुढे लावलेला मोठा आकडा हा सहगुणक, तो नुसता थाट. हजार लावा, लाख लावा, क्ष वाढत गेला की केव्हा तरी मोठा घातच पुढे जातो. म्हणून बहुपदीची ओळख त्याच्यावरून सांगायची. कोटी एक असली तर रेषीय, दोन असली तर वर्ग बहुपदी, तीन असली तर घन."

सत्तरी ओलांडल्यावर एखादी गोष्ट समजली की फार विचित्र वाटते. आनंद होतो आणि लगेच राग येतो. हे मला तेव्हाच कुणी का सांगितले नाही? आमचे मास्तर 'कोटी म्हणजे महत्तम घातांक, लिहा' म्हणाले होते. आम्ही लिहिले होते. मी 'महत्तम'चा 'त्त' चुकवला म्हणून छडी खाल्ली होती. आणि ऑफिसात मी आयुष्यभर जे पाहिले तेच हे होते! नावामागे हजार बिरुदे लावून येणारा साहेब दोन वर्षे गाजायचा, आणि कोपऱ्यातला मुकाट वर्ग शेवटी खाते चालवायचा. मी चौतीस वर्षे बहुपदीत बसलो होतो आणि मला पत्ता नव्हता.

त्या दिवसापासून दुहेरी शाळा सुरू झाली. सकाळी मी सरांचा विद्यार्थी, संध्याकाळी नातीचा गुरू. सकाळचे ताजे ज्ञान संध्याकाळी वाढायचे. हॉटेलवाले उलटे करतात, त्यापेक्षा हे बरे. चार दिवस छान गेले. ज्या पदात दोन चल असतील, त्यातल्या घातांची बेरीज करायची, हे मी 'नवराबायकोचा पगार एकत्र धरून घराची ऐपत ठरवतात तसं' असे सांगितले आणि नात चक्क हसली.

अडचण आली ती पाचव्या दिवशी. सात क्ष, अधिक तीन क्ष-घन, उणे पाच, अशी बहुपदी होती. नातीने कोटी लिहिली एक. "पहिलं पद सात क्ष आहे ना?" मी समजावू लागलो, ती ऐकू लागली, आणि जितके मी समजावले तितका तिचा गोंधळ वाढला. आमची ही शेजारी मटार सोलत होती. ती वर न पाहता म्हणाली, "अगं, लग्नाच्या फोटोत उंच माणूस कुठंही उभा असला तरी उंच तोच. पहिल्या ओळीत पोरं बसलीत म्हणून ती उंच होतात का?"

"म्हणजे तीन!" नात म्हणाली. "आणि प्रमाण रूप म्हणजे प्रार्थनेची रांग! पण उलटी, उंच पुढे."

आमची ही आठवीपर्यंत शिकलेली. पुढे शिकायची तिची इच्छा होती, पण तिच्या पाठच्या तीन भावांची त्याहून जास्त होती. तिला कधी कुणी विचारलेच नाही की गणितात किती मिळाले असते. मी तिच्याकडे पाहिले. तिने एक मटार तोंडात टाकला.

गुरूचे स्थान डळमळीत झाले की गुरू इतिहासात शिरतो. मीही शिरलो. "बाळ, हे सगळं आपल्याकडचंच आहे बरं का. भास्कराचार्य! ११५० सालचं त्यांचं 'बीजगणित'. त्यांच्याकडे एक्स-वाय नव्हते. पहिली अज्ञात राशी 'यावत्-तावत्', तिला लिहायचं नुसतं 'या'. पुढच्या राशींना रंगांची नावं. कालक, नीलक, पीतक. त्यांची अक्षरं का, नी, पी. 'या'चा वर्ग म्हणजे 'याव', घन म्हणजे 'याघ'. आणि ज्याला अक्षर नाही तो नुसता आकडा 'रूप', म्हणून 'रू'."

"या आणि का?" नात म्हणाली. "पाहुण्यांना बोलवायचं आणि मग विचारायचं का आलात?"

"ही एक्सची पद्धत पुष्कळ नंतरची. देकार्त नावाच्या फ्रेंच माणसाने १६३७ साली छापलेल्या पुस्तकात अज्ञातासाठी शेवटची अक्षरं वापरली आणि घातांक डोक्यावर लिहिले. भास्कराचार्य त्याच्या किती आधीचे! शके १०३६ मधला जन्म, आणि ग्रंथ लिहिला तेव्हा वय अवघं छत्..."

मी थांबलो. स्वतः आचार्यांनीच लिहून ठेवले आहे की जन्म शके १०३६ चा आणि ग्रंथ पुरा केला वयाच्या छत्तिसाव्या वर्षी. या आकड्याने ज्याचे भले झाले असा बहुधा तो एकच माणूस. पण तो आकडा त्या घरात, त्या क्षणी माझ्या तोंडून निघेना.

"छत्तीस," आमच्या हिने वाक्य पुरे केले आणि मटारांची परात घेऊन ती आत गेली.

दुसऱ्या चाचणीच्या आदल्या संध्याकाळी नात वही घेऊन बसली होती. एक प्रश्न होता : पुढील बहुपदींची कोटी लिहा. पहिली होती नुसते ७. तिने लिहिले शून्य. बरोबर! कारण सात म्हणजे सात गुणिले क्षचा शून्यावा घात. दुसरी होती ०. तिने तिथेही लिहिले शून्य. मागे उत्तरे होती. तिथे लिहिले होते : निश्चित करता येत नाही.

तिने ते वाचले, पेन्सिल खाली ठेवली आणि ती रडायला लागली.

एका शून्यासाठी कुणी इतके रडत नाही. हे मलाही कळले. मी पाठीवर हात ठेवला. ती हुंदके देत म्हणाली, "आबा, बाबांना सगळं येतं. आईला सगळं येतं. तुम्हांला त्र्याण्णव होते. आजीलासुद्धा न शिकता येतं. या घरात मीच एकटी ढ आहे. मला दहावीनंतर गणित नको. मला काहीच नको."

मी तिला काय काय सांगू शकलो असतो! प्रयत्ने वाळूचे कण रगडिता, वगैरे. गेली तीस वर्षे मी तिच्या बापाला तेच सांगत आलो होतो. पण माझ्या नजरेसमोर आमचा वर्ग आला. फळ्याजवळ मी उभा आहे, हातात खडू आहे, आणि मास्तर सगळ्या वर्गाला सांगताहेत, "हा बघा शून्य. याला कुठंही ठेवा, काही फरक पडत नाही." चाळीस मुले हसली होती. ते हसणे मी त्रेसष्टाने झाकले, मग त्र्याहत्तराने, मग त्र्याऐंशीने. आता त्र्याण्णवाने झाकत होतो, आणि ते माझ्यावरून उठून नेमके या पोरीच्या डोक्यावर जाऊन बसले होते.

"अहो," दारातून ही म्हणाली. एवढेच. तिच्या हातात कपाटाच्या किल्ल्या होत्या.

शालूखालची गुणपत्रिका मीच काढली. घडीवर फाटली होती. नातीपुढे ठेवली. तिने आधी माझे नाव वाचले, मग वर्ष वाचले, मग बोट ठेवत ठेवत ती गणितापर्यंत आली. बराच वेळ बोट तिथेच राहिले.

"आबा, छत्तीस?"

"छत्तीस."

"आणि त्र्याण्णव?"

"ती महागाई." मी सगळे सांगितले. पोहे, सासरे, चष्मा, कट्टा, सर, वर्तमानपत्रात गुंडाळलेले पुस्तक. "तुला सोमवारी जे शिकवलं ना, ते मला सोमवारी सकाळीच कळलं होतं."

तिचे डोळे पुसलेले नव्हते आणि ती हसत होती. मुलांना हे जमते. मग मी पेन्सिल घेतली. शून्याचे प्रकरण सरांनी कालच समजावले होते आणि ते मला माझ्याच आयुष्यातून समजले होते.

"हे बघ. शून्य म्हणजे शून्य गुणिले क्षचा पाचवा घात. चूक?"

"नाही."

"शून्य गुणिले क्षचा शंभरावा घात. तेही शून्यच. मग कोटी पाच म्हणायची की शंभर? कोटी ठरवायला ज्याचा सहगुणक शून्य नाही असं एक तरी पद लागतं. इथं तसं एकही नाही. आमच्या ऑफिसात एक गृहस्थ यायचे. कधी म्हणायचे मी मंत्र्यांचा माणूस, कधी म्हणायचे सचिवांचा. कुठलंही पद सांगितलं तरी चालायचं, कारण मुळात कुठलंच नव्हतं. तसं हे. त्याला शून्य कोटीसुद्धा द्यायची नाही. त्याची कोटी ठरतच नाही. सातचं तसं नाही. सातजवळ क्ष नसला तरी सात आहेत."

नात गुणपत्रिकेकडे बघत राहिली. मग तिने वहीत काहीतरी लिहिले आणि वही माझ्याकडे वळवली. तिथे लिहिले होते : ३६. कोटी = ०.

"बघा आबा," ती म्हणाली, "छत्तीस ही स्थिर बहुपदी आहे. क्ष कितीही वाढू दे, ती छत्तीसच राहते. कोटी शून्य आहे, पण आहे. तुमचे मास्तर चुकले. शून्य असतात तर तीसुद्धा नसती."

इतकी वर्षे मला कुणी इतक्या थोडक्यात निर्दोष सोडले नव्हते. मी चष्मा पुसायचे निमित्त करून बाल्कनीत गेलो.

चाचणीत तिला वीसपैकी तेरा मिळाले. त्र्याण्णव टक्के नव्हेत हे मलाही कळते. पण शून्याचा प्रश्न आला होता आणि तो तिने सोडवला होता. कारणही लिहिले होते. मागितले नव्हते तरी. मुलाला आणि सुनेला मी रविवारी चहाच्या वेळी सगळे सांगून टाकले. सून आधी गोरीमोरी झाली, मग म्हणाली, "बाबा, मला अकरावीत एकदा एकोणीस होते." मुलगा काही बोलला नाही, पण त्याने दोनदा साखर घातली. त्याचेही काहीतरी शालूखाली असावे.

सर हल्ली कट्ट्यावर मला अवयव पाडायला शिकवताहेत. गुणपत्रिका नातीने चिकटपट्टी लावून आपल्या टेबलासमोरच्या भिंतीवर लावली आहे. येणारे-जाणारे वाचतात. परवा शेजारच्या काकू वाचून म्हणाल्या, "अय्या, आम्ही तर त्र्याण्णव ऐकलं होतं!"

"ते ना," आमची ही आतून म्हणाली, "तो नुसता सहगुणक होता."